दुसऱ्या मंगळवारची पेरणी

अमेरिकेतल्या रेडमंड गावात दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहा वाजता एक मोठी कंपनी आपल्या चुका मोजून जगापुढे मांडते. मायक्रोसॉफ्टनं हा रिवाज ऑक्टोबर २००३ पासून सुरू केला. त्याआधी चुका सापडतील तशा, कुठल्याही वारी, कुठल्याही वेळी जाहीर व्हायच्या आणि कंपन्यांचे कॉम्प्युटर सांभाळणारे लोक वैतागून जायचे. मग वार ठरला. रेडमंडला सकाळचे दहा, तेव्हा अमरावतीत रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे राजकमल चौकातलं शेवटचं शटर पडलेलं, गिला वड्याची गाडी आवरत आलेली, आणि दुकानातला कॉम्प्युटर मात्र चालूच, कारण मुनीमजींनी 'बंद' करताना फक्त मॉनिटरचं बटण दाबलेलं. तेव्हा आमच्याकडे हा मंगळवार बुधवारी सकाळी उगवतो.

बुधवारी अगरबत्ती फिरवून झाली की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खालून एक चौकट वर येते. अपडेट तयार आहे, मशीन आत्ता बंद करून चालू करू की नंतर, असं काहीतरी इंग्रजीत विचारते. मुनीमजी चष्मा कपाळावर चढवतात, चौकटीकडे बघतात आणि हाताखालच्या पोट्ट्याला हाक मारतात.

"हे पाय रे, पुन्हा आलं."

"अपडेट हाय मुनीमजी. होऊ द्या."

"आताच तं केलं होतं."

"मागच्या महिन्यात."

"मंग? दर महिन्याला काऊन लागते? एकदाच काय तं नीट बनवून देत नाई का हे लोक?"

हा प्रश्न संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या पेपरात दहा गुणांना घालण्याजोगा आहे. उत्तर एवढंच, की कोट्यवधी ओळींचा मजकूर लिहिताना चुका राहतात, त्यातल्या काही चुकांतून चोर आत शिरू शकतो, आणि त्या चुका चोराला आधी सापडतील की कंपनीला, ही शर्यत कधीच संपत नाही. पोट्टा हे उत्तर देत नाही. तो 'नंतर' वर टिचकी मारतो आणि चहा आणायला जातो. व्यापारी जगतातल्या सुरक्षेचे बहुतेक निर्णय असेच होतात. चहाच्या आधी आणि 'नंतर' वर.

पण मुनीमजींना आळशी म्हणण्याची घाई करू नका. त्यांच्या डोक्यात एक पंचांग आहे आणि ते दाते पंचांगापेक्षा कडक आहे. १ ते ५ पगार आणि उधारीची वसुली. ७ ला टीडीएस. ११ ला जीएसटीआर-१. १५ ला पीएफ. २० ला ३बी. आता गंमत बघा. महिन्याचा दुसरा मंगळवार कसाही आला तरी ८ ते १४ या तारखांतच येतो, म्हणजे आपल्या सकाळच्या हिशेबानं ९ ते १५. बरोब्बर जीएसटीआर-१ च्या डोक्यावर. रेडमंडच्या लोकांनी भारतातल्या मुनीमांना छळायचं ठरवून वार काढला असता तरी याहून नेमका सापडला नसता. वर त्यात मार्च एंडिंग, आयकराचा जुलै, ऑडिटचा सप्टेंबर. आणि जिनिंगवाला असेल तर दिवाळीपासून पुढे कापसाचा हंगाम, ज्यात रात्रंदिवस गाड्या लागलेल्या. उरलेल्या दिवसांतून अमावस्या वजा करा. मुनीमजी ती करतातच.

त्यात त्यांना अनुभवही असतो. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रिंटरच्याच एका भगदाडाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं पाठवली, आणि ती बसवल्यावर जगभर कित्येक कार्यालयांत नेटवर्कवरचे प्रिंटर छापेनासे झाले. भगदाड बुजलं हे खरं, कारण ज्या दारातून कागदही बाहेर येत नाही त्यातून चोर काय येणार. एका पतसंस्थेत मी त्या सुमाराला एफडीची पावती घ्यायला गेलो होतो. काउंटरवरच्या ताईंनी मला पावती दाखवली. दाखवली म्हणजे पडद्यावर. "हे पाहून घ्या," म्हणाल्या, "छापून नाई निघून राह्यली. अपडेट झालं ना." मी पडद्यावरची पावती नीट वाचली, तारखा मनात पाठ केल्या आणि घरी आलो. माझ्यामागे रांगेत उभे असलेले आजोबा म्हणाले, "फोटो काढून घ्याचा होता नं भाऊ." वऱ्हाडी माणूस यंत्रावर रागावत नाही, तो यंत्राला बगल देतो.

बगल देण्याची आणखी एक रीत आहे आणि ती कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या गड्याकडे मिळते. हा गडी बॅगेत एक पेनड्राइव्ह, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक ब्रश घेऊन फिरतो. कुठल्याही दुखण्यावर त्याचं औषध ठरलेलं: फॉरमॅट मारणे. फॉरमॅट मारला की पेनड्राइव्हमधलं विंडोज चढवायचं, जे कुणी कधी विकत घेतलेलं नसतं, आणि मग पहिलं काम म्हणजे अपडेट कायमचं बंद करायचं. कारण अपडेट आलं तर मायक्रोसॉफ्टला कळेल की हे विंडोज कुणाच्या बापाचं नाही. जाताना तो हात झटकत सांगतो, "बंदच करून टाकलं भाऊ. आता कायचंच टेन्शन नाई." तीनशे रुपये घेतो. शेठजी खूश. पडद्याच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी फिकट अक्षरं कायमची उमटलेली राहतात आणि ती कंपनीचं बोधवाक्य असावं अशी सगळ्यांची समजूत होते. मशीन मग वर्षानुवर्षं निवांत चालतं. चोरालाही निवांतच लागतं.

आता निवांतपणाची किंमत. २४ जुलै २००२ ला मायक्रोसॉफ्टनं आपल्या डेटाबेसमधल्या एका चुकीची दुरुस्ती दिली. ज्यांनी 'नंतर' म्हटलं त्यांच्याकडे २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर नावाचा किडा आला. सहा महिने आणि एक दिवस. हा किडा दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत होता, आणि शिरता येण्याजोग्या यंत्रांपैकी ९० टक्के यंत्रं त्यानं दहा मिनिटांत गाठली. सोयाबीनवरच्या अळीलाही इतकी घाई नसते. पुढे १४ मार्च २०१७ ला, मंगळवारीच, आणखी एका भगदाडाची दुरुस्ती आली. १२ मेला वॉनाक्राय नावाचा किडा आला. मधे ५९ दिवस. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांवर यंत्रं कुलूपबंद झाली, ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांनी ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलली. त्या ५९ दिवसांत आपल्याकडे मार्च एंडिंग होतं. मुनीमजींच्या बाजूनं मी एवढंच म्हणू शकतो.

आणि अगदी जवळचं उदाहरण ३१ जुलै २०२४ चं. देशभरातल्या लहान बँकांना तंत्राची सेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. रोग पसरू नये म्हणून एनपीसीआयनं त्या कंपनीलाच व्यवहाराच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं आणि जवळपास ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या खातेदारांचं यूपीआय, एटीएम ठप्प झालं. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. चोर कुठून शिरला याचा माग एका सायबर सुरक्षा कंपनीनं काढला, तो पोहोचला जेनकिन्स नावाच्या सॉफ्टवेअरपाशी. त्यातल्या त्या भगदाडाची दुरुस्ती जानेवारीतच आलेली होती. पुन्हा सहा महिने. कुणीतरी, कुठल्यातरी सर्व्हरसमोर, चहाच्या आधी 'नंतर' दाबलं असणार.

इतकं ऐकवल्यावर एखादा शेठ घाबरतो. घाबरलेला शेठ फार धोक्याचा. तो म्हणतो, "मंग आता आलं की लगेच मारायचं. रात्री बारा वाजता आलं तं बारा वाजता. अपडेट म्हणजे अपडेट." त्याला मग दुसरी पोथी वाचून दाखवावी लागते.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक नावाची कंपनी, जी मोठमोठ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर चोरांपासून राखते, तिनं एक छोटीशी फाइल जगभर पाठवली. आपल्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली होती. फाइल पोचली आणि पडदे निळे पडले. सुमारे ८५ लाख यंत्रं. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. विमानाच्या प्रवासाला एसटीच्या कागदी तिकिटाची कळा आली. अमरावतीकरांना त्या दिवशी बोर्डिंग पासाची झळ लागली नाही, कारण बेलोऱ्याच्या विमानतळावरून तेव्हा विमानच उडत नव्हतं. मुंबईचं विमान सुरू झालं १६ एप्रिल २०२५ ला. मागासलेपणाचा अनुशेष कधीकधी असाही कामी येतो.

पण खरी मजा पुढे आहे. चूक लक्षात आल्यावर कंपनीनं ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. म्हणजे आपल्याकडे १० वाजून ५७ मिनिटांनी. त्यानंतर ज्यांनी मशीन सुरू केलं त्यांना काहीही झालं नाही. आता आमच्या जवाहर रोडवर अकरा वाजता दुकान उघडणाऱ्याला लोक आळशी म्हणतात. त्या दिवशी साडेनऊला हजर असलेले जगभरचे कर्तबगार लोक बुडाले आणि अकराला शटर वर करणारा वाचला असता. उशिरा उठण्याच्या बाजूनं इतका सबळ पुरावा मानवजातीच्या इतिहासात दुसरा नाही. पोट्ट्यांनी आईबापांना दाखवण्यासाठी हा मजकूर कापून ठेवावा.

त्याआधीचं एक उदाहरण तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरचंच आहे, आणि मुनीमजींनी ते ऐकलं तर ते कॉम्प्युटर विकून पुन्हा लाल चोपडी काढतील. युक्रेनमध्ये करभरणीसाठी एम.ई.डॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर घरोघर होतं, आपल्याकडे टॅली आहे तसं. चोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष कालवलं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला तो ज्यांनी इमानदारीनं अपडेट घेतलं त्यांच्यापासून. तिथून तो निघाला आणि मर्स्क या जहाज कंपनीतून थेट नवी मुंबईच्या जेएनपीटीवर आला. तिथलं एक अख्खं टर्मिनल ठप्प झालं. आणि आतल्या जाळ्यात पसरायला त्यानं जी वाट वापरली तीत १४ मार्चला दुरुस्ती आलेलं तेच भगदाड होतं. म्हणजे एक अपडेट घेतलं म्हणून रोग आत आला आणि दुसरं घेतलं नाही म्हणून तो घरभर फिरला.

"लगेच केलं तं मेलो, नाई केलं तं मेलो," शेठ म्हणतात. "करू तरी काय बाप्पा?"

आता इथं मला वऱ्हाडी माणसाचं नवल वाटतं. जो प्रश्न कॉम्प्युटरपुढे त्याला गोंधळवतो, तोच प्रश्न तो दरवर्षी जूनमध्ये शेतात सोडवतो, आणि शेठच्या घरची शेतीही त्यातच असते. मृग लागतो ७-८ जूनला. एखादी सर पडते, ढेकळांना वास सुटतो, आणि लगेच कुणीतरी तिफण काढतं. कुणी तर सरही पडायची वाट बघत नाही, कोरड्या मातीत धूळपेरणी करून मोकळा होतो. साधलं तर त्याची कपाशी सगळ्यांच्या पुढे, हुकलं तर बियाणं मातीत आणि दुबार पेरणी. दुसरा एक असतो तो नुसता आभाळाकडे बघत बसतो. मूग-उडिदाची वेळ निघून जाते, सोयाबीनचीही जायला येते, तरी त्याचं 'अजून एक पाणी होऊ द्या' चालूच. या दोघांच्या मधे शहाणा शेतकरी. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही घाई करू नका म्हणून सांगतंच. काही जण अक्षय तृतीयेच्या भेंडवळच्या घटमांडणीवर भिस्त ठेवतात. पण पेरायचं की नाही, असा प्रश्न कोणाच्याच मनात नसतो. प्रश्न कधी, हाच असतो. आणि 'कधी'चं उत्तर दोन नुकसानांच्या मधे कुठंतरी असतं, हे त्याला सांगायला पुण्याहून कोणी यावं लागत नाही.

नेमकं हेच गणित २००२ साली स्टीव्ह बीटी, क्रिस्पिन कोवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावर मांडलं. दुरुस्ती नवी असते तेव्हा तीच सदोष निघण्याची शक्यता जास्त. दिवस जातात तशी ती कमी होते, कारण दुसरे लोक बसवून आपटतात आणि कंपनी दुरुस्तीची दुरुस्ती करते. उलट चोराची भीती पहिल्या दिवशी कमी आणि दिवसागणिक चढती. एक रेषा उतरते, एक चढते. छेदतात तिथं पेरा. त्यांनी खऱ्या दुरुस्त्यांचा इतिहास तपासून दोन मुहूर्त काढले: दहावा दिवस आणि तिसावा दिवस. तिफण काढायला आधीचे दहा दिवस घाईचे, तिसानंतर उशीर. त्यांनी हा शोध जाहीर केल्यावर तीन महिन्यांच्या आतच स्लॅमर आला आणि सहा महिने आभाळाकडे बघत बसलेल्यांचं काय होतं ते जगानं पाहिलं.

आता दहाच्या जागी सात म्हणणारे आहेत, कारण वीस वर्षांत चोरही सुधारले. दुरुस्ती आली की ती उलगडून मूळ भगदाड कुठं होतं हे शोधायला त्यांना फार दिवस लागत नाहीत. त्या मंगळवारनंतरच्या दिवसाला तिकडचे लोक हल्ल्याचा बुधवार म्हणतात ते काही उगाच नाही. पण धंद्याच्या, दोन-चार टेबलांच्या कारभाराला माझं मत दहाच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण शास्त्रीय कमी, वऱ्हाडी जास्त आहे. दुसरा मंगळवार ८ ते १४. त्यात दहा मिळवा: १८ ते २४. आणि २० ला ३बी भरून मुनीमजी महिन्यात पहिल्यांदा पाय लांब करून बसतात! २१ ते २४ या तारखांना त्यांच्या पंचांगात काहीही नसतं. फिलाडेल्फियाच्या परिषदेत वाचलेला तो २००२ चा शोधनिबंध आणि आमच्या मुनीमजींचा ताळेबंद एकाच तारखेवर येऊन मिळतात, हा योग ज्योतिष्याला दाखवला तरी तो दक्षिणा न घेता हो म्हणेल.

तेव्हा रिवाज असा पडावा: २० ची रात्र गेली की आधी डेटाचा बॅकअप, तोही त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर नव्हे. ('बॅकअप हाय ना, डी मध्ये हाय' हे वाक्य मी इतक्या आत्मविश्वासानं ऐकलंय की वाद घालायची हिंमत होत नाही.) मग पोट्ट्याच्या टेबलावरचं मशीन अपडेट करायचं, कारण त्याच्यावर रील्स सोडून काही महत्त्वाचं चालत नाही. दिवसभर त्यावरून बिलं काढून, प्रिंट मारून बघायचं. बरं दिसलं तर दुसऱ्या दिवशी मुनीमजींचं. आणि ज्या भगदाडातून चोरी सुरूच झाली आहे अशी बातमी पेपरात पहिल्या पानावर आली, तिथं मात्र दहा दिवस, मुहूर्त, अमावस्या काही बघायचं नाही. त्याच रात्री बसायचं. लाइन जाणार नाही याची खात्री करून. कारण पडद्यावर 'मशीन बंद करू नका, ३० टक्के झाले' लिहून आलं की लाइन जाते, हा नियम न्यूटनच्या तिन्ही नियमांपेक्षा पक्का आहे, आणि दुकानातल्या यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली हे घरातल्या वडिलधाऱ्यांनाही आठवत नाही.

या सगळ्या शहाणपणाला एक अपवाद आहे आणि तो अकोला रस्त्यावरच्या एका धरमकाट्यावर बसला आहे. आठ बाय आठची खोली, काचेची खिडकी, बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग. आत टेबलावर पांढऱ्याचा पिवळा झालेला मॉनिटर. सीपीयूचं झाकण काढून ठेवलेलं, समोर टेबलफॅन, आणि आतल्या पंख्यावर रुईचं इतकं जाड अस्तर, की त्याची वात वळावी. बटणावर गेल्या दसऱ्याचं हळदीकुंकू. पडद्यावर विंडोज एक्सपीची ती हिरवीगार टेकडी. मे महिन्यात पाच-दहा कोसांत हिरवं म्हणून जे काही शिल्लक असतं ते एवढंच. या विंडोजला कंपनीनं ८ एप्रिल २०१४ ला रामराम केला. काट्याला कळवलेलं नाही.

"हे बदलत काऊन नाई भाऊ?" मी काटेवाल्याला विचारलं.

त्यानं उत्तर न देता मशीनमागे हात घालून एक जाड केबल काढून दाखवली, नऊ खिळ्यांची. "हे काट्यातून येते. हे भोक नव्या मशीनले नसते. कन्व्हर्टर लावून पाह्यला; बारा टनाचा ट्रॅक्टर तीन किलो दाखवे." मग कळलं की वजनाचं सॉफ्टवेअर ज्या पोट्ट्यानं बनवून दिलं तो आता टेक्सासात आहे आणि फोन उचलत नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरनं तेवढ्यात कर्रकर्र करत एक पावती काढली: भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. शेतकऱ्यानं ती उजेडात धरून वाचली, चौपदरी घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली. वैधमापनवाले दरवर्षी येऊन काट्याची पडताळणी करतात, शिक्का मारून जातात. काट्याला जे सांगायचं ते ज्याच्या तोंडून सांगावं लागतं, त्या कॉम्प्युटरकडे ते बघतही नाहीत.

आता या मशीनला कोणत्या मंगळवारची दुरुस्ती सांगणार? पण काटेवाल्यानं नकळत एक पाठ्यपुस्तकी काम केलेलं होतं: या मशीनला इंटरनेटच नव्हतं. बाहेरच्या जगाशी संबंध फक्त ट्रॅक्टरांचा. ज्याची दुरुस्ती होणार नाही त्याला घरात एकटं ठेवा, गर्दीत नेऊ नका, हा मोठमोठ्या कंपन्यांचाही शेवटचा उपाय आहे. मी तसं त्याला सांगितलं, अभिनंदन केलं. तो खूश झाला. म्हणाला, "नेट कालच घेतलं ना भाऊ. पावती व्हॉट्सॲपवर पाठवा म्हनतात आता लोक."

मग मी चहा सांगितला आणि विषय बदलला.

खरं सांगायचं तर आमचा बाजार अपडेटला भीत नाही. त्याला फक्त कारण पटावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे निघाले, बहुतेक माल ५ नाहीतर १८ मध्ये आला. आदल्या रात्री अमरावतीच्या बाजारात जे झालं ते मी पाह्यलं आहे. शटर अर्धं खाली, आत दिवे चालू, मुनीमजी टॅलीपुढे आणि पोट्टा जुन्या-नव्या दरांची यादी मोठ्यानं वाचतोय. एकेक आयटम उघडायचा, दर बदलायचा, तपासून बघायचा. कोणी 'नंतर' म्हटलं नाही. अमावस्या होती, सर्वपित्री; तीही कोणाला आठवली नाही. कारण सकाळी गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणणार होतं, "भाव कमी झाला ना, लावा मंग." चोरानं कधी दारात उभं राहून असं काही मागितलेलं नाही, एवढीच त्याची चूक आहे.

आता ताजा प्रश्न विंडोज १० चा. कंपनीनं त्याचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, दुसऱ्या मंगळवारीच, धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी. दिवाळीच्या तोंडावर कोणता दुकानदार कॉम्प्युटर बदलतो? दुरुस्तीवाला गडी मात्र गल्लोगल्ली सांगत होता की आता सगळी मशीनं बाद. मी मुनीमजींना नीट समजावून सांगितलं: दुरुस्त्या बंद, म्हणजे पेरणीच बंद, आता नवं घ्यायला हवं. शेठजींनी कोटेशन मागवलं, किंमत बघितली आणि ते कोटेशन मुनीमजींच्या गादीखाली गेलं.

मग मुनीमजींच्या कानावर बातमी आली की घरगुती मशीनांना कंपनी आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या देणार. नाव नोंदवा म्हणे. हे धंद्याच्या मशीनांसाठी नाही, असं मी सांगायला गेलो. पण मुनीमजींच्या चेहऱ्यावर तोवर जे समाधान पसरलं होतं ते जीएसटीची तारीख शेवटच्या रात्री वाढली की पसरतं तेच होतं. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी विक्रीकर पाह्यला, व्हॅट पाह्यला, आयकर पाह्यला. वाढली नाही अशी शेवटची तारीख त्यांच्या पाहण्यात नाही.

"पाह्यलं?" ते पोट्ट्याला म्हणाले. "तू उगाच घाई करून राह्यला होता. वाढते म्हनलं होतं ना म्यां."

"पन मुनीमजी, पुढच्या ऑक्टोबरात तं खरंच बंद होते."

मुनीमजींनी भिंतीवरून कॅलेंडर काढलं, पुढच्या वर्षीचं मागच्या पानावर छोट्या अक्षरांत असतं ते, आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणून तारखेवर बोट ठेवलं.

"१३ ऑक्टोबर. नवरात्र हाय. अंबादेवीची यात्रा टाकून कोन कॉम्प्युटर बदलते बे?"

मग बोट खाली सरकवत त्यांनी दसरा ओलांडला आणि दिवाळीच्या पलीकडे, कापसाचा हंगाम कधी लागतो ते बघायला सुरुवात केली.